फोटो काढायचा, पण कुणाला विचारून?

मैत्रिणींनो, तुमच्या कपाटात, साड्यांच्या घड्यांखाली, तुमचा लग्नाआधीचा 'दाखवायचा' फोटो आहे का हो? माझा आहे. १९८३ सालचा. मागे रंगवलेला धबधबा, शेजारी उंच स्टुलावर प्लॅस्टिकची फुलं आणि मध्ये मी, श्वास रोखून. माझ्या मावशीनं माझी वेणी मुद्दाम खांद्यावरून पुढे घेतली आणि फोटोग्राफरच्या देखतच म्हणाली, "केस नीट दिसू देत हो, तेवढीच काय ती जमेची बाजू!" मी आपली गप्प. तो फोटो पुढे सात-आठ घरी फिरून आला. एका घरून परत आला, तेव्हा त्याच्या कोपऱ्यावर तेलकट बोटाचा ठसा होता. कुणाचं बोट ते, आजतागायत मला ठाऊक नाही. पण तो ठसा बघून पोटात कसंसंच झालं, ते मात्र अजून आठवतं.

ही चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट आज उकरून काढायचं कारण असं, की साठी ओलांडल्यावर मी स्वतःच दुसऱ्या एका बाईच्या फोटोवर असा ठसा उमटवून बसले.

माझं कराडला छोटंसं ब्यूटी पार्लर आहे. घराचीच पुढची खोली. १९८७ साली, थोरला दोन वर्षांचा असताना, एक खुर्ची, एक आरसा आणि एक ड्रायर एवढ्यावर सुरू केलं. भिंतीवर केस कापण्याच्या तऱ्हांचा एक तक्ता होता. त्यात सगळ्या गोऱ्या, सोनेरी केसांच्या परदेशी बायका! बायका यायच्या, तक्त्यावर बोट ठेवायच्या आणि म्हणायच्या, "वहिनी, हा कट मला बरा दिसेल का हो?" आता तिचे केस कुठे, आपले कुठे! पण तो तक्ता सदतीस वर्षं तिथेच होता. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं आणि तो काढून टाकायचंही कुणाला सुचत नव्हतं.

मग घरात सून आली. हुशार, हौशी. ती म्हणाली, "आई, आता बायका पाटी वाचून येत नाहीत, मोबाइलवर बघून येतात. आपलं काम दिसायला हवं." तिचं म्हणणं खरंच होतं. आमच्याच रस्त्यावर दोन नवी चकचकीत सलोन झाली होती आणि लग्नसराईत आमच्या नवऱ्या मुली तिकडे वळायला लागल्या होत्या. म्हटलं, चला, आपणही दाखवू!

आमच्याकडे वीस वर्षं येणाऱ्या एक शिक्षिका आहेत. त्यांना आपण नुसतं 'बाई' म्हणू. मोठ्या आजारपणानंतर त्यांचे केस फार विरळ झाले होते. टाळूवरची कातडी दिसायची. २०२४ च्या जुलैत मी त्यांना असा काही कट दिला, की केस दुप्पट वाटावेत. मला स्वतःलाच इतका आनंद झाला की आधीचा एक आणि नंतरचा एक, असे दोन फोटो मी मागून मोबाइलवर काढले. "बघा तरी, किती फरक!" म्हणून त्यांनाही दाखवले. त्या हसल्या. मी ते हसणं म्हणजे होकार धरला आणि सुनेला म्हटलं, "टाक गं हे दोन्ही." चेहरा तर दिसतच नव्हता. कोण ओळखणार?

अहो, वर्गातली मुलं वर्षानुवर्षं बाईंची पाठच तर बघत असतात! फळ्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या बाईंची मान, मानेवरची ती तांबूस जन्मखूण त्यांना पाठ असते. दुसऱ्या दिवशी फोटो सबंध शाळेत झाला. कुणीतरी 'आधी'च्या फोटोखाली काहीबाही लिहिलं. बाई यायच्या बंद झाल्या.

आठ दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले. फोटो काढून टाकला होता, पण ज्यांच्या मोबाइलमध्ये जायचा त्यांच्या मोबाइलमध्ये तो गेलाच होता. त्यांनी चहा केला. आवाज चढवला नाही की काही नाही. कप पुढे ठेवताना एवढंच म्हणाल्या, "तुमच्यापुढे मान खाली घालून बसत होते ना मी, ती तुमच्यापुढे. गावापुढे नव्हे."

चहा घशाखाली उतरला नाही, मैत्रिणींनो. सुनेनं फोटो टाकला, असं मला सांगता आलं असतं. पण काढला मी होता, आणि 'टाक' असंही मीच म्हटलं होतं.

घरी येऊन दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. मग एकदा वाटलं, नकोतच ते फोटो. पण सून शांतपणे म्हणाली, "आई, फोटो वाईट नाहीत. आपली पद्धत वाईट होती. नीट ठरवून करू." आणि आम्ही सासवा-सुना वही घेऊन बसलो. लग्नाची यादी करतात तशी यादी केली. तुमच्यापैकी कितीतरी जणींचं घरी काही ना काही चालतं. कुणाचं पार्लर, कुणाचे मसाले, कुणाचा शिवणाचा क्लास. म्हणून आम्ही काय शिकलो ते जरा तपशिलात सांगते.

पहिला प्रश्न दिवसाचा. कामाच्या दिवशी गिऱ्हाईक ताटकळत ठेवून फोटो काढायचे नाहीत, हे पक्कं. आणि लग्नसराईच्या आधी काम हातात यायला हवं. म्हणून पितृपंधरवड्यातला सोमवार धरला, २३ सप्टेंबर २०२४. सोमवारी आमची सुट्टी आणि त्या पंधरवड्यात तशीही गर्दी नसते. सासूबाई वय वर्षं शहाऐंशी. त्यांनी डोळे मोठे केले. "पितरांच्या दिवसांत कुणी नवीन काही करतं का?" मी म्हटलं, "नवीन नाही करत, आहे त्याचाच फोटो काढतोय." त्या पुटपुटल्या, पण गप्प राहिल्या.

फोटोग्राफर तरुण मुलगा. एका दिवसाचे १५,००० रुपये सांगितले, फोटो आणि व्हिडिओ दोन्ही मिळून. आमचे हे म्हणाले, "एवढ्यात दोन चांगले ड्रायर आले असते." आले असते खरे! पण तो मुलगा आदल्या आठवड्यात जागा बघायला आला, तिथेच मला त्याचे पैसे वसूल झाल्यासारखे वाटले. त्यानं मला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाला, "काकू, आता आरशात बघा. काय काय दिसतं ते सांगा." सदतीस वर्षं मी त्या खुर्चीच्या मागे उभी होते, बसले कधीच नव्हते! आरशात काय दिसलं? लोंबणारी वायर, दाराआडची ओली बादली, बँकेचं मागच्या वर्षीचं कॅलेंडर, एका कोपऱ्यात रचलेले रिकामे डबे. रोजच्या डोळ्याला हे दिसत नाही हो. तुम्हीही एकदा करून बघा. घराच्या प्रत्येक कोपऱ्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो फोटो परक्याचा समजून बघा. दिवाळीची निम्मी आवराआवर तिथेच सुचेल. तो परदेशी बायकांचा तक्ता मी त्याच दिवशी काढला. भिंतीवर त्याच्या जागी फिकट चौकोन राहिला.

दुसरी गोष्ट उजेडाची. आमच्याकडे एक पांढरा दिवा आणि आरशावर दोन पिवळे दिवे. फोटोत अर्धा चेहरा हळदीचा आणि अर्धा निळसर यायचा. केसांना लावलेला मरून रंग तर चक्क विटकरी दिसायचा. दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. २७०० किंवा ३००० असेल तर उजेड पिवळा, ६५०० असेल तर पांढरा. या दोन्हींची भेसळ करायची नाही, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. आम्ही पिवळे बंद ठेवले आणि उत्तरेच्या खिडकीचा उजेड घेतला. तिथून ऊन थेट आत येत नाही. खिडकीवर ह्यांचं जुनं पांढरं धोतर ताणून बांधलं. उजेड असा मऊ पडला, की बघत राहावं! आणि दुसऱ्या बाजूची सावली उजळायला पुठ्ठ्याला पांढरा कागद चिकटवून धरला. झाला रिफ्लेक्टर.

तिसरी गंमत. गिऱ्हाइकाच्या अंगावर आम्ही काळी केप घालतो. डाग दिसत नाहीत म्हणून. पण काळ्या केसांवर काळी केप म्हणजे फोटोत केसांची कडच हरवते. कापलेलं टोक कुठे संपलं ते कळत नाही. मी फिकट राखाडी कापडाच्या दोन केप घरीच शिवल्या. आणि आपल्या काळ्या केसांना चमक यायची तर थोडा उजेड मागच्या बाजूनं यावा लागतो, हेही तेव्हाच कळलं.

व्हिडिओचं आणखी निराळं. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. त्यामुळे काही दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. आपल्या डोळ्यांना कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं आणि चित्रात काळे पट्टे सरकताना दिसतात. त्या मुलानं शटरचा वेग १/५० वर ठेवला, तेव्हा ते गेले. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद. मग घाम! दर दहा मिनिटांनी थांबून वारा घ्यायचा, पुन्हा सुरू. एक पाचपेडी वेणी घालायला मला वीस मिनिटं लागली. ती लांबून, जवळून आणि नुसत्या बोटांची, अशी तीनदा घातली. आता ती मोबाइलवर पंधरा सेकंदांत संपते! आणि हो, सिनेमाचं आवडतं गाणं आपल्या धंद्याच्या जाहिरातीमागे लावून चालत नाही. त्याला मालकाची परवानगी लागते. आम्ही कात्रीचा आणि फणीचाच आवाज ठेवला. मला तो गाण्यापेक्षा गोड वाटतो.

आता खरी गोष्ट. फोटोत बसायचं कुणी?

फोटोग्राफर म्हणाला, "पुण्याहून एक मॉडेल आणू." मी नको म्हटलं. तक्ता काढून पुन्हा तक्ताच लावल्यासारखं झालं असतं. आमच्याच बायका हव्यात. पण विचारायचं कसं आणि केव्हा? इथे मला बाईंचा चहा आठवला. आमच्या खुर्चीत बसलेल्या बाईचे केस ओले असतात, अंगावर केप असते, हात आत अडकलेले, चष्मा काढून ठेवलेला आणि मान आमच्या हातात. अशा वेळी "फोटो काढू ना?" म्हटलं, तर ती काय 'नको' म्हणणार? ती हसते. बाई हसल्या होत्या तशी. ते हसणं म्हणजे होकार नव्हे, हे मला फार उशिरा कळलं.

म्हणून ठरवलं, खुर्चीत कुणालाही विचारायचं नाही. मी स्वतः घरोघर गेले. मराठीत, मोठ्या अक्षरात एका पानावर लिहून नेलं. फोटो कुठे लावणार: दुकानात, मोबाइलवर की वर्तमानपत्रात. चेहरा दाखवायचा की नाही. 'आधी'चा फोटो चालेल की नुसता 'नंतर'चा. किती दिवस ठेवायचा. आम्ही एक वर्ष लिहिलं. मन बदललं तर एक फोन करा, आम्ही काढून टाकू. आणि शेवटी खरं तेही लिहिलं, की एकदा दुसऱ्यांच्या मोबाइलमध्ये गेलेला फोटो पूर्णपणे परत आणणं आमच्या हातात नाही. सून म्हणाली, "आई, हे वाचून कुणी तयारच होणार नाही." मी म्हटलं, "ज्या होतील त्या तर मनापासून होतील!" अठरा वर्षांखालच्या मुली आम्ही घेतल्याच नाहीत.

पान हातात देऊन मी दोन दिवसांची मुदत द्यायची आणि निघून यायची. सात जणींना विचारलं. तिघी 'नको' म्हणाल्या. एकीनं "ह्यांना आवडायचं नाही" असं सांगितलं, एकीनं कारणच सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. तिसरी म्हणाली, "मला स्वतःलाच नको वाटतं हो." किती मोकळेपणानं म्हणाली! मला तिचं कौतुक वाटलं. चौघी तयार झाल्या. कॉलेजात शिकणारी कुरळ्या केसांची एक मुलगी, मार्गशीर्षात लग्न असलेली एक, भाजीची गाडी लावणारी एक ताई, आणि साठीची एक आजी, जिनं रंग लावायचं सोडून पांढरे केस तसेच ठेवलेत.

त्यातल्या लग्नाच्या मुलीला केसांत रंग हवा होता. रंग लावायचा तर ४८ तास आधी कानामागे थेंबभर लावून बघायचा, हा आमच्या कामातला पहिला धडा. फोटोच्या घाईत तो गाळायचा मोह होतो, बरं का! सोमवारी फोटो, शनिवारी रंग, म्हणून गुरुवारी तिला बोलावलं. शनिवारी आली ती कान खाजवतच. कानामागे लाल चट्टा. झालं, रंग रद्द! फोटोग्राफर हिरमुसला, मुलीचा चेहराही उतरला. पण लग्नाच्या तोंडावर तो रंग सबंध डोक्याला लागला असता तर? तिला आम्ही खोपा घातला, वर अबोलीचा गजरा. सगळ्यांत सुंदर फोटो तोच आला.

भाजीवाल्या ताईंचे केस त्या मुलानं नंतर कॉम्प्युटरवर थोडे दाट केले आणि कौतुकानं मला दाखवले. मी म्हटलं, "बाळा, हे पुसून टाक." उद्या तोच फोटो दाखवून एखादी म्हणेल, मला असे केस करून द्या, तर मी कुठून देऊ? आता तर मुळात नसलेल्या बाईचा फोटोही यंत्र तयार करून देतं. मग आमच्या हाताच्या कामाला किंमत काय राहिली? रोज ५० ते १०० केस गळणं हे तर कुणाच्याही डोक्याला लागलेलंच आहे. खरं आहे ते दिसू दे.

फोटो कुणाच्या मालकीचे, हेही आधीच लिहून घ्या. वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा, असं आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा म्हणतो. पण पुष्कळ फोटोग्राफर सहीच्या कागदावर निराळं लिहून घेतात. म्हणून सही करण्याआधी वाचा. आम्ही तर आणखी एक ओळ घातली, की आमच्या बायकांचे फोटो त्यानं स्वतःच्या जाहिरातीला आमच्या परवानगीशिवाय वापरायचे नाहीत. त्यानं कुरकुर न करता सही केली.

सोमवारी दुपारी एक मजा झाली. सासूबाई दारात बसून घेवडा मोडत होत्या. पांढऱ्या केसांची बोटभर वेणी, तिचा सुपारीएवढा अंबाडा. मागून ऊन आलेलं. त्या मुलानं हळूच कॅमेरा वळवला. सासूबाईंनी मान न वळवता विचारलं, "मला विचारलंत?" मुलगा इतका गडबडला! "नाही आजी, चुकलं. काढू?" त्यांनी शेंग ताटलीत ठेवली, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "आता काढ." आज भिंतीवरच्या त्या फिकट चौकोनावर सासूबाईच आहेत. पितरांचा पंधरवडा मात्र त्यांनी त्यानंतर पुन्हा काढला नाही!

धंदा वाढला का, असं विचाराल. थोडा वाढला. लग्नाच्या चार मुली फोटो बघून आल्या. दोन नवी सलोन आहेत तिथेच आहेत. ड्रायर अजून जुनेच आहेत.

आणि बाई? मी त्यांना फोटोबद्दल विचारलं नाही. विचारायचा हक्क मी गमावला होता. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, संध्याकाळी बंद करायच्या वेळी त्या दारात उभ्या राहिल्या. भिंतीवरचे फोटो एकेक करून बघितले. खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "मोबाइल कुठे आहे तुमचा?"

मी तो ड्रॉवरमध्ये ठेवला. सुनेनंही आपला ठेवला. बाईंनी चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि मान खाली घातली. "पाणी फार गार नको हं," एवढंच म्हणाल्या.

मैत्रिणींनो, तुम्ही खुर्चीमागे उभ्या राहणाऱ्या असाल, तर तो चष्मा हातात असताना काही विचारू नका. आणि खुर्चीत बसणाऱ्या असाल, तर कुणी मोबाइल उचलला की 'थांबा' म्हणायला लाजू नका. आम्हाला वाईट वाटत नाही. आणि वाटलंच, तर वाटू दे!